बिनमोल हात, मोलाचे हात

गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या अनेक घरांतील एक कोपरा नकळत बाजारपेठ बनला आहे. ज्या खिडकीपाशी बसून घरातील बाई दुपारच्या निवांत वेळी क्रोशाचा रुमाल विणीत असे किंवा गोधडीला टाके घालीत असे, त्याच खिडकीपाशी आता त्या रुमालाचे छायाचित्र काढले जाते, त्याखाली किंमत लिहिली जाते आणि आठवड्याभरात ती वस्तू बंगळूरच्या किंवा टोरांटोच्या एखाद्या अनोळखी घरी जाऊन पोहोचते. हा बदल चांगला की वाईट, अशी चर्चा आपल्यात अधूनमधून होत असते. परंतु प्रश्न असा सरसकट विचारला की त्याचे उत्तर मिळत नाही. प्रत्येक जण आपल्या स्वभावानुसार बाजू घेऊन मोकळा होतो. म्हणून आम्ही त्या एका प्रश्नाचे दोन प्रश्न करू इच्छितो. हाताने केलेल्या वस्तूचे न्याय्य मोल कोणते? आणि दूरच्या माणसाला वस्तू विकून माणसांचा समुदाय खरोखर उभा राहतो काय? हे दोन प्रश्न वेगळे दिसतात, पण शेवटी ते एकमेकांत गुंतलेले आहेत, असे आम्हांला वाटते.

प्रथम मोलाचा विचार करू. गोधडीचेच उदाहरण घ्या. जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे थर एकावर एक ठेवून, कडेने सुरुवात करून मध्यापर्यंत धावता टाका घालीत जाणे हे महाराष्ट्रातील असंख्य घरांतील काम. बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या लेकीला, नव्या जन्मलेल्या नातवाला गोधडी शिवली जाई. तिच्यात आजीचे लुगडे असे, म्हणून तिला ऊब असे. अशा गोधडीला किंमत लावणे म्हणजे मायेचा लिलाव मांडणे, असे काही जणांना वाटते. त्यांची भावना आम्ही हलकी मानीत नाही. तथापि मराठीत 'बिनमोल' हा जो शब्द आहे, तो मोठा फसवा आहे. ज्याची किंमत होऊ शकत नाही ते बिनमोल, आणि ज्याची किंमत कोणी देत नाही तेही बिनमोल! बायकांच्या हातच्या कामाला आपण पिढ्यान्‌पिढ्या पहिल्या अर्थाने बिनमोल म्हणत आलो आणि दुसऱ्या अर्थाने वागवीत आलो. कौतुकाचे शब्द दिले की दामाची गरज उरत नाही, अशी सोयीची समजूत त्यातून रूढ झाली.

ही समजूत किती महाग पडू शकते, हे पाहायचे असेल तर आंध्र प्रदेशातील नरसापूरकडे पाहावे. गोदावरीच्या मुखाजवळच्या ह्या भागात एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी स्त्रियांना क्रोशाची लेस विणण्यास शिकविले. हेतू दयेचा होता. गरीब घरांना चार पैशांचा आधार मिळावा, इतकाच. पुढे त्या लेसला परदेशांत मागणी आली आणि व्यापारी व निर्यातदार यांची मोठी साखळी उभी राहिली. मारिया मीस ह्या जर्मन समाजशास्त्रज्ञ विदुषीने तेथील स्त्रियांचा अभ्यास करून १९८२ साली त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. तिला आढळले ते असे: हजारो स्त्रिया दिवसाचे कित्येक तास जगाच्या बाजारासाठी विणीत होत्या; पण त्यांचे घरचे लोक, व्यापारी आणि सरकारी नोंदीदेखील त्यांना 'घरी बसणाऱ्या' म्हणत. विणकाम हा त्यांचा फावल्या वेळेचा उद्योग समजला गेला आणि फावल्या वेळेला मजुरी ती काय द्यायची! कामाचे तुकडे पाडलेले होते. एक जण फुले विणी, दुसरी ती जोडी. आपला तुकडा कोणत्या देशात, कोणाच्या टेबलावर, किती किमतीला जातो, हे विणणारीला ठाऊक नसे आणि वापरणाऱ्याला विणणारी ठाऊक नसे.

म्हणजे, करणारा आणि वापरणारा यांच्यामध्ये पडदा आला तो संगणकामुळे किंवा मोबाइलमुळे नव्हे. तो त्यापूर्वीच होता आणि फार जाड होता. नव्या साधनांनी वचन दिले ते हा पडदा दूर करण्याचे. मधला व्यापारी जाईल, विणणारीचे नाव वस्तूबरोबर जाईल, गिऱ्हाईक तिला पत्र लिहील, दोघांची ओळख होईल. हे वचन खोटे होते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. पुष्कळ ठिकाणी ते अंशतः खरे झाले आहे. पण ते कोठे थांबले हेही पाहिले पाहिजे.

ह्या व्यवहाराचा सर्वांत बोलका इतिहास अमेरिकेतील 'एट्सी' ह्या कंपनीचा आहे. २००५ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात काही तरुणांनी ती सुरू केली. हाताने वस्तू करणाऱ्यांनी स्वतःची छोटी दुकाने तेथे मांडावीत, ही कल्पना. आरंभीच्या काळात कंपनीच्या जागेत संध्याकाळी लोक सुया, कात्र्या, लोकर घेऊन एकत्र जमत आणि एकमेकांना शिकवीत. विक्रेते आपापले गट करीत, एकमेकांच्या वस्तूंची शिफारस करीत. २०१२ साली समाजहित पाहणारी कंपनी म्हणून तिने 'बी कॉर्प' हे प्रमाणपत्रही मिळविले. पुढे व्याप वाढला. २०१३ साली नियम बदलून, विक्रेत्याने स्वतः आखलेली वस्तू बाहेरच्या कारखानदाराकडून करवून घेण्यास परवानगी देण्यात आली. 'हाताने केलेले' ह्या शब्दाचा अर्थ तेथेच सैल झाला. २०१५ साली कंपनीचे समभाग शेअर बाजारात आले. २०१७ साली व्यवस्थापन बदलले आणि समाजहिताचे ते प्रमाणपत्रही कंपनीने सोडून दिले. प्रत्येक विक्रीवर घेतले जाणारे साडेतीन टक्के २०१८ साली पाच झाले आणि २०२२ च्या एप्रिलमध्ये साडेसहा. जाहिरातीचा आणि पैसे स्वीकारण्याचा खर्च निराळाच.

यात कोणी दुष्ट होता असे आमचे म्हणणे नाही. ज्याचे भांडवल त्याचा नफा, हा भागधारकांच्या कंपनीचा धर्मच आहे. आम्हांला एवढेच दाखवायचे आहे की मधला माणूस गेला नाही. तो फळीच्या रूपाने परत आला. पूर्वी व्यापारी मालाचा मालक होता, आता तो फळीचा मालक आहे. आणि ज्याच्या फळीवाचून आपला माल कोणालाच दिसत नाही, त्याच्याशी घासाघीस करण्याचे बळ एकट्या विणणारीत नसते.

परंतु त्याच वर्षी एक विचार करण्याजोगी गोष्ट घडली. ११ एप्रिल २०२२ पासून आठवडाभर हजारो विक्रेत्यांनी आपापली दुकाने बंद ठेवली. यांपैकी बहुतेकांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नव्हते. कंपनीने वाढविलेला दर त्या संपाने खाली आला नाही. तरीही आम्हांला तो प्रसंग महत्त्वाचा वाटतो. 'आपला समुदाय' ह्या शब्दाचा वापर ती कंपनी वर्षानुवर्षे करीत होती. तो शब्द खरा झाला तो मात्र विक्रेत्यांनी एका वेळी नुकसान सोसण्याचे ठरविले तेव्हा. समुदाय कोणी वरून बांधून देत नाही. 'माझे नुकसान ते तुझे' असे जेव्हा दोन माणसे म्हणतात तेव्हा त्याचा पाया पडतो.

येथे आपण दुसऱ्या प्रश्नापाशी येतो. समुदाय म्हणजे काय? आज ज्याच्या वस्तूंना पाच हजार माणसे पसंतीची खूण करतात, त्याला पाच हजारांचा समुदाय लाभला असे म्हणण्याची पद्धत पडली आहे. हा आमच्या मते शब्दाचा दुरुपयोग आहे. तो गिऱ्हाईकांचा वर्ग झाला, फार तर कौतुक करणाऱ्यांचा. जेथे आपली अनुपस्थिती कोणाच्या तरी लक्षात येते, तो समुदाय. विणणारी आजारी पडली तर तिचे अपुरे काम कोणी हाती घेईल काय? तिच्या मुलाच्या फीची तारीख कोणाला ठाऊक आहे काय? ही कसोटी लावली की पाच हजारांतून पाच जण उरले तरी भाग्य म्हणायचे.

प्रेषितांच्या कृत्यांत यापो गावच्या टबीथेची, म्हणजेच दुर्कसची, कथा आहे. ती वारल्यावर गावातील विधवा रडत पेत्राभोवती उभ्या राहिल्या आणि तिने त्यांच्यासाठी शिवलेले अंगरखे व वस्त्रे त्याला दाखवू लागल्या. टबीथेविषयी त्यांना जे सांगावयाचे होते ते सारे त्या टाक्यांत होते. पण तेथून नऊ अध्याय पुढे गेले की त्याच पुस्तकात पौल करिंथ येथे अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून तंबू शिवण्याचा धंदा करताना दिसतो. तो धंदाच होता; तंबू विकण्यासाठी होते. एके ठिकाणी हातचे काम दान आहे, दुसऱ्या ठिकाणी उपजीविका. आणि दोन्ही ठिकाणी त्यातून माणसे जोडली गेली. तेव्हा विकले म्हणजे माया गेली, हे खरे नव्हे. अक्विल्लाच्या घरी तिघांना जोडणारी गोष्ट होती ती एकाच कामावर शेजारी शेजारी चालणारे हात. वस्तू कोठे गेली यापेक्षा ती करताना शेजारी कोण बसले होते, ह्यात समुदायाचे बीज असते.

आता न्याय्य मोलाकडे परत जाऊ, कारण खरी अडचण तेथे आहे. सहाव्या शतकातील संत बेनेदिक्त यांच्या मठनियमांत कारागीर मठवासीयांसाठी एक लहानसे प्रकरण आहे. कारागिराने नम्रपणे काम करावे, विक्रीत लबाडी शिरू देऊ नये, आणि मठाच्या वस्तू बाहेरच्या लोकांच्या वस्तूंपेक्षा किंचित स्वस्त विकाव्यात, असा त्याचा आशय आहे. लोभाला वाव राहू नये हा हेतू. ह्याच्या अगदी उलट मत आपल्याकडे गांधीजींनी मांडले. १९३५ साली त्यांनी आग्रह धरला की सूत कातणाऱ्या बाईला आठ तासांच्या कामाचे आठ आणे मिळाले पाहिजेत. खादी महाग होईल, गिऱ्हाईक तुटेल, ही भीती चरखा संघाच्या लोकांना वाटत होती आणि प्रत्यक्षात ठरलेला दर आठ आण्यांच्या बराच खाली राहिला. पण तत्त्व मांडले गेले ते गेलेच: कातणारीला उपाशी ठेवून स्वस्त होणारी खादी ही खादी नव्हे.

एक संत स्वस्त विका म्हणतो, एक महात्मा महाग विका म्हणतो. यांत कोण बरोबर? आमच्या मते दोघेही. कारण दोघे निराळ्या हातांविषयी बोलत आहेत. मठवासीयाची भाकर मठाने बांधलेली आहे. वस्तू स्वस्त विकली म्हणून त्याच्या ताटातील घास कमी होत नाही. कातणारीची भाकर मात्र त्या सुतावरच लोंबकळते आहे. स्वस्ताई हा सद्गुण केव्हा? ज्याचे पोट त्या वस्तूवर अवलंबून नाही, त्याच्या बाबतीत. आणि तरीही येथे एक फसगत आहे. मठाच्या शेजारी एखादा गरीब कारागीर राहत असेल तर मठाची स्वस्ताई त्याचे गिऱ्हाईक पळविते, हे विसरून चालणार नाही.

हा शेवटचा मुद्दा आपल्या समाजाला विशेष लागू आहे, म्हणून तो अधिक स्पष्ट मांडतो. आपल्याकडे हस्तकला विकणाऱ्या स्त्रिया दोन प्रकारच्या आहेत. एकीच्या घरी नोकरीचा पगार येतो. तिला विणकामाची आवड आहे, चार जणींचे कौतुक हवे आहे, थोडा हातखर्च सुटला तर आनंद आहे. दुसरीचे घर सुईवर चालते. दोघींच्या वस्तू एकाच पडद्यावर शेजारी शेजारी दिसतात. पहिली म्हणते, 'माझा वेळ काय, जातच असतो. दोऱ्याचे पैसे निघाले की पुरे.' हे बोलणे उदारपणाचे वाटते. पण त्या उदारपणाचे बिल दुसरी भरते. आपल्या वेळेला शून्य किंमत लावताना पहिलीने नकळत दुसरीच्याही वेळेला शून्य किंमत लावलेली असते. आवडीने वस्तू करणाऱ्या भगिनींना आम्ही एवढेच विनवितो की द्यायची तर ती वस्तू खुशाल भेट द्यावी. पण विकायची तर पुऱ्या मोलाने विकावी. भेट ही कोणाच्या पोटावर पाय देत नाही; अर्धवट किंमत देते.

पुरे मोल म्हणजे किती, याचा हिशेब बहुधा कोणी मांडीत नाही. समजा, एका गोधडीला ६० तास लागले आणि ती १,८०० रुपयांना गेली. कापड, दोरा, बांधणी, टपाल आणि फळीमालकाचा वाटा मिळून ६०० रुपये गेले. उरले १,२००. म्हणजे तासाला २० रुपये. हा आकडा कागदावर लिहून पाहिला की कौतुकाचे सारे शब्द ओशाळतात. हिशेब मांडणे हा मायेचा अपमान नव्हे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली श्रमावरील आपल्या परिपत्रकात हेच सांगितले की कामाची थोरवी कोणत्या प्रकारचे काम आहे यावर ठरत नाही. ते करणारी एक व्यक्ती आहे, यावर ठरते. सुईच्या टोकाला व्यक्ती आहे, हे मानले की तिचा तास मोजावाच लागतो.

विकत घेणाराही ह्यातून सुटत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात खरेदी-विक्रीतील अन्यायाचा जो विचार केला, त्यात वस्तूच्या योग्यतेहून जास्त दाम घेणे आणि कमी दाम देणे, ही दोन्ही त्यांनी एकाच तराजूत घातली आहेत. गिऱ्हाईकाची गरज मोठी आहे म्हणून भाव चढवू नये, तसेच विकणाऱ्याची गरज मोठी आहे म्हणून भाव पाडूही नये. मॉलमध्ये छापील किमतीला मुकाट्याने पैसे मोजणारे आपण, टोपली विणणाऱ्या वारली बाईपाशी मात्र दहा रुपयांसाठी अडून बसतो. त्या वेळी तिच्या टोपलीत दोष आहे म्हणून आपण अडलेलो नसतो. तिला संध्याकाळच्या आत टोपली विकलीच पाहिजे, हे आपल्याला ठाऊक असते.

मोलाबरोबर नावाचाही प्रश्न आहे. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक निर्देशांक मिळाला. महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन राज्यांतील ठरावीक जिल्ह्यांच्या कारागिरांचा त्या नावावर हक्क मानला गेला. तरीही २०२५ च्या जूनमध्ये मिलान येथे प्रादा ह्या इटालियन कंपनीने तशाच घडणीच्या चपला मंचावर आणल्या, तेव्हा कोल्हापूरचे नाव कोठेच नव्हते. ओरड झाल्यावर कंपनीने ती प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचे मान्य केले. चामडे कमावणाऱ्या आणि चप्पल शिवणाऱ्या ज्या समाजांना आपण शतकानुशतके गावाच्या कडेला ठेवले, त्यांच्या कामाचे नाव राहिले नाही म्हणून आज आपण संतापतो; हा संताप योग्यच आहे. परंतु आपण स्वतः त्यांची नावे कधी विचारली होती काय, हाही प्रश्न त्या संतापाच्या पोटात आहे.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. प्रत्येक तासाचे पुरे मोल घेतले तर हाताने केलेली वस्तू श्रीमंतांखेरीज कोणाला परवडणार नाही. इंग्लंडमधील विल्यम मॉरिस यांना हीच टोचणी होती. १८६१ साली त्यांनी कारागिरीचा उद्योग उभारला. यंत्राने हीन झालेल्या श्रमाला पुन्हा आनंद मिळावा ही तळमळ. पण त्यांचे सुंदर पडदे आणि गालिचे धनिकांच्याच दिवाणखान्यांत गेले, आणि पुढे समाजवादी झालेल्या मॉरिसना ते सलत राहिले. ह्या आक्षेपाला आमच्याजवळ पूर्ण उत्तर नाही. परंतु यावरून एक गोष्ट निघते: हातच्या कामाचे सारे जीवन बाजारावर सोपवून भागणार नाही. त्याचा काही हिस्सा बाजाराबाहेर राहिला पाहिजे. शेजारणीच्या मुलीला टाका शिकविणे, फाटलेले सांधणे, नव्या बाळाला दुपटे देणे, ह्यांवर किमतीची चिठ्ठी लागू नये. नाताळच्या आधी आपल्या गावांतील मुले रात्री जागून बांबू, गवत, कागद यांचा गोठा उभारतात. तयार गोठा विकत मिळतो, बहुधा अधिक नेटकाही असतो. पण विकत आणलेल्या गोठ्यासाठी कोणी कोणाच्या घरून सुतळी मागून आणीत नाही, कोणाचे भांडण होत नाही आणि ते मिटतही नाही.

तेव्हा करावे काय? एकटीने फळीवर जाणे आणि अजिबात न जाणे, यांच्या मध्ये एक तिसरी वाट आहे आणि ती नवी नाही. १९४६ साली अमेरिकेतील एडना रूथ बायलर ह्या मेनोनाइट बाईने पुएर्तो रिकोतील गरीब स्त्रियांचे भरतकाम आपल्याबरोबर आणले आणि मोटारीत घालून ओळखीच्या बायकांना दाखवीत हिंडली. न्याय्य व्यापाराच्या चळवळीची एक मोठी शाखा तेथून फुटली. मुंबईत अंधेरीच्या झोपडपट्टीतील स्त्रियांबरोबर इसाबेल मार्टिन ह्या स्पॅनिश धर्मभगिनीने १९८४ साली 'क्रिएटिव्ह हँडिक्राफ्ट्स' हे काम सुरू केले. अशा कामांत विकण्याचे साधन बदलत गेले. पण मूळ सूत्र एक, भाव एकटीने ठरवायचा नाही.

आपल्या प्रत्येक धर्मग्रामात शिवणाऱ्या, विणणाऱ्या पाच-दहा जणी सहज निघतील. त्यांनी आठवड्यातून एक दुपार एकत्र बसावे. तासाचा एक किमान दर सर्वांनी मिळून ठरवावा आणि नोकरदार घरच्या भगिनीनेही तो मोडू नये. वस्तूबरोबर करणारीचे नाव आणि लागलेले तास लिहावेत. यंत्राचा हात लागला असेल तर तेही लिहावे. विक्री खुशाल मोबाइलवरून करावी. एखादीला महिनाभर काम करता आले नाही, तर तिचा वाटा काढून ठेवावा. ह्यांतील शेवटची गोष्ट सर्वांत अवघड आहे, आणि तेवढी एक झाली तरच आम्ही त्या मेळ्याला समुदाय म्हणू.

यंत्रे आणि साधने येतील व जातील. ज्या कंपन्यांची नावे आज सर्वांच्या तोंडी आहेत, ती उद्या कदाचित कोणाला आठवणारही नाहीत. वस्तू दूर गेली तरी हरकत नाही. ती जाण्यासाठीच केलेली असते. मात्र ती घडविताना जिच्या मांडीला मांडी लागली होती, तिच्या घरी चूल पेटली की नाही हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे. हातांचे मोल ठरविण्याचा अधिकार बाजाराला काही अंशी असेल. पण हातांना हात देण्याचे काम बाजाराने कधी केलेले नाही, आणि ते त्याच्याकडून अपेक्षिण्यात आपण आपलीच जबाबदारी टाळीत असतो.